पाठीवर पडायची विद्या

कुस्ती मारून घरी आलो की आई मला दारातच थांबवायची. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायच्या आधी खांद्याला धरून वळवायची आणि माझी पाठ बघायची. पाठीला माती नसली की मग गरम पाणी, घट्ट सायीचं दूध आणि बाकीचे सगळे लाड. खरं सांगायचं तर या तपासणीला काडीचा अर्थ नव्हता. आखाड्याच्या हौद्यात तासभर लोळलेल्या माणसाच्या कानाच्या भोकापासून बेंबीपर्यंत सगळीकडे माती असते, जिंकलेल्याच्या पाठीलाही ती लागतेच. शिवाय मी वाटेत कुणाच्या तरी मळ्यातल्या पंपाखाली अंघोळ उरकूनच घरी येत असे. वडील, म्हणजे आमचे अण्णा, ओसरीवरून म्हणायचे, अगं, त्यानं धुऊन आणली पाठ, आता काय बघते? त्यावर आईचं उत्तर ठरलेलं, धुतली तरी मला दिसतं. आणि तिला दिसायचं, हे मी कबूल करतो. दोनदा मी हरून आलो होतो आणि दोन्ही वेळा तिनं काही न विचारता दुधाचं पातेलं चुलीवरून उतरवून ठेवलं होतं.

आमचा मळा नाशकात मखमलाबादच्या रस्त्याला, गावाच्या जरा अलीकडे. आता तिथं उंच इमारत आहे आणि तिच्या फाटकावरचा वॉचमन मला कोणाकडे जायचंय म्हणून विचारतो. तेव्हा निम्म्या रानात मेथी, शेपू, कोथिंबीर आणि निम्म्यात झेंडू, शेवंती असायची. तांबडं फुटायच्या आत अण्णा आणि आई समोरासमोर बसून जुड्या बांधायचे. ओली सुतळी दातांनी तोडल्याचा आवाज, म्हशीच्या साखळीचा आवाज आणि रस्त्यावर येऊन थांबलेल्या टेम्पोचा हॉर्न, या तीन आवाजांनी मला जाग यायची. टेम्पोवाला फार उतावळा होता. अण्णा फुलांच्या डालग्या घेऊन निघून गेले की घरभर झेंडूचा उग्र वास तेवढा उरायचा, आणि आई पाट्यावर माझे बदाम वाटायला बसायची. म्हशीचं दूध डेअरीला न जाता माझ्या पोटात जायचं. अण्णांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, पण माझी एकही कुस्ती त्यांनी कधी पाहिली नाही. बघवत नाही म्हणायचे. बाजारात मात्र मेथीच्या जुडीबरोबर माझ्या कुस्त्या फुकट वाटायचे.

तालमीत आमचे वस्ताद हरिभाऊ. अंगानं आडवे, आवाजानं बारीक. अंधारात ऐकलं तर एखादी बाई ओरडतेय असं वाटावं. ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मळलेली तांबडी माती त्यांना पोटच्या पोरासारखी होती. त्यांची सगळी विद्या एका वाक्यात बसायची: पोटावर पडलास तर उठून लढता येतं, पाठीवर पडलास तर उठून घरी जाता येतं. म्हणून त्यांनी आम्हाला आधी डाव शिकवले नाहीत, हवेत वळायला शिकवलं. कुणी कसंही फेकलं तरी जमिनीला लागायच्या आत गर्रकन वळायचं आणि उपडं पडायचं. वर्षानुवर्षं हेच. शेवटी ते इतकं अंगात मुरलं, की पेरूच्या झाडावरून पडलो तेव्हाही मी हवेत वळलो, उपडा आपटलो आणि पुढचा दात घालवून बसलो. कोणीही शहाणा माणूस पाठीवर पडला असता आणि कपडे झटकून उठला असता. वस्तादांनी तो तुटका दात सगळ्या तालमीला दाखवला. यात शाबासकी द्यावी असं त्यांना काय दिसलं, हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग सिनेमावाले आले. गंगापूर रोडकडच्या एका बंगल्यात त्यांचं शूटिंग चाललं होतं आणि खलनायकाच्या पदरी शोभतील असे दांडगे लोक त्यांना कमी पडत होते. त्यांचा एक माणूस मिसळ खायला आला, तिथं आम्ही तालमीतले चौघे बसलो होतो. त्यानं आमचे मोडलेले कान पाहिले, आमचं पाव संपवणं पाहिलं आणि तिथल्या तिथं विचारलं, येता का. बाकीचे तिघे लाजले. मी लाजलो नाही, एवढंच काय ते माझं अभिनयातलं भांडवल. वस्तादांची परवानगी काढायला गेलो तेव्हा मला वाटलं, हाकलून देतील. ते म्हणाले, जा, त्या कानांचा कुणाला तरी उपयोग होऊ दे. आणि मग बारीक आवाजात विचारलं, हिरोईन कोण आहे?

मला काम होतं ते एवढंच, की नायकानं मला उचलून आपटायचं. नायक अंगानं काडी होता. हात असे मऊ, की धरल्यावर मलाच संकोच व्हायचा. त्याला फार कष्ट पडू नयेत म्हणून खरं तर मीच उडी मारायची आणि त्यानं हात लावल्यासारखं करायचं. उडी मी मारायचो, पण खाली येताना दर वेळी वळायचो आणि उपडा पडायचो. कॅमेऱ्याला माझा चेहरा दिसायचा नाही, नुसता पार्श्वभाग दिसायचा. पुन्हा घ्या, पुन्हा घ्या. नायक घामाघूम झाला, दिग्दर्शक डोकं धरून बसला, चहावाला पोटभर हसला. फाइट मास्तर म्हणून एक मुंबईचा माणूस होता. उंचीनं माझ्या खांद्याला लागेल एवढा, आणि अंगातलं प्रत्येक हाड कधी ना कधी मोडून घेतलेला. तो माझ्याजवळ येऊन अगदी प्रेमानं म्हणाला, "पैलवान, पीठ दो मुझे. सिर्फ पीठ." मी त्याला सांगितलं, मागाल ते देतो, पाठ तेवढी सोडून.

पण ती त्यानं घेतलीच. मास्तर चिकाटीचा होता आणि शिकवण्यात वस्तादांच्या तोडीचा. हनुवटी छातीला लावायची, श्वास हूं करून बाहेर टाकायचा आणि पाठ टेकायच्या क्षणभर आधी हात पसरून तळवा जमिनीवर फाडकन आपटायचा. म्हणजे सगळा मार पाठीला न बसता हाताला वाटला जातो, शिवाय आवाजही झकास येतो. सांगायला सोपं आहे. ज्याचं अंग लहानपणापासून उलटं घडवलंय त्याला विचारा. तो चित्रपट कसाबसा पार पडला, पण मास्तरनं मला पुढच्यासाठी धरून ठेवलं. मग मी घरी सराव सुरू केला. गोठ्याच्या मागं रिकामी पोती अंथरली आणि दुपारच्या उन्हात उडी मारून धपाधप पाठीवर पडू लागलो. म्हैस साखळी तोडायला बघायची.

आई शेणाची पाटी घेऊन आली आणि बघतच उभी राहिली.

"काय करून ऱ्हायला तू?"

"पडायला शिकतोय."

"पडायला शिकावं लागतं? ते तर ज्याचं त्याला येतं." मग पाटी खाली ठेवून म्हणाली, "आन पाठीवर? ह्याच्यासाठी दूध पाजलं का तुला?"

मी तिला समजावलं, की हे खोटं पडणं आहे, यात हार नसते. ती म्हणाली, माती काय विचारून लागते का, खोटं पडला का खरं? आणि पाटी उचलून गेली. मला तेव्हा तिचा राग आला होता. तिला काही समजत नाही असं वाटलं. आता माझं वय तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा जास्त आहे आणि ते वाक्य मला अजूनही नीट पचलेलं नाही.

तो पहिला चित्रपट नाशकात लागला तेव्हा आम्ही घरचे सगळे गेलो. नायकानं मला डोक्यावर उचललं तशा शिट्ट्या सुरू झाल्या. आईनं पदर तोंडावर ओढला तो मी पडद्यावरून जाईपर्यंत काढला नाही. अण्णा शेजारच्या अनोळखी माणसाला मोठ्यांदा सांगत होते, हे खरं नाय बरं का, ह्याची पाठ आजवर दोनदाच लागली हे, तीबी लहान असताना. शेजारच्या माणसाला सिनेमा बघायचा होता. तो वैतागला, मागचे लोक शूः शूः करू लागले, आणि मध्यंतरात त्या रांगेतल्या प्रत्येकाला माझी सगळी कारकीर्द पाठ झालेली होती.

लोक ओळखू लागले याचा आनंद झाला नाही असं म्हणणार नाही. चांगला झाला. पण त्याला लगेच वाळवी लागली. आखाड्यात उतरलो की कडेच्या गर्दीतून आवाज यायचा, आज कोनी जिंकायचं लिहिलंय रे? मी जिंकलो तर म्हणायचे, नटाला कोण पाडणार, ठरवूनच केली असेल. आमच्यात ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात. पैलवानाला आईबहिणीवरून बोललेलं एक वेळ चालेल, नुरा म्हटलेलं चालत नाही. तुम्ही छाती फुटेपर्यंत लढावं आणि कुणी शेंगा सोलत सोलत म्हणावं, छान बसवलंय, याच्यासारखा संताप नाही. तो कुणावर काढणार? शेंगा सोलणाऱ्यावर काढला तर तो म्हणणार, बघा, काय भारी चिडतो.

म्हणून मी ठरवलं, एक कुस्ती अशी करायची की पुन्हा कुणी तोंड उघडता कामा नये. निफाडकडच्या एका गावची जत्रा त्या काळी आमच्या भागात मानाची. गावाचं नाव लिहीत नाही, तिथले लोक मला अजून भेटतात. तिथली शेवटची कुस्ती जो मारेल त्याला आखाड्यात मधोमध उभं करून फेटा बांधायचे, आणि तो फेटा बांधलेला पैलवान वर्षभर त्या फेट्याच्या नावानं ओळखला जायचा. पंचांनी मला आनंदानं शेवटची कुस्ती दिली. जाहिरातीत माझा सिनेमातला फोटो छापला, खाली सिनेस्टार लिहिलं आणि जोड लावली एका ढिल्या पोराशी. मी स्वतः जाऊन भांडलो. मला रघू पाहिजे म्हणून हट्ट धरला.

रघू नांदगावचा. घरची कोरडवाहू शेती. एसटीनं यायचा, कापडी पिशवीत लंगोट आणि भाकरी एकाच फडक्यात बांधलेली. त्या हंगामात त्याला कुणी पाडलेलं नव्हतं. कुस्तीच्या आधी तो कुणाशी बोलत नसे. माझ्याशीही बोलला नाही, फक्त जोड बदलल्याचं कळल्यावर लांबून हात वर केला. मला तो हात फार आवडला. त्यात एवढंच होतं, की आपण दोघे खरं लढू.

हलगी कडाडत होती. आम्ही माती उचलून एकमेकांच्या अंगावर टाकली, हात मिळवले आणि भिडलो. इतकी वर्षं झाली, पण ती कुस्ती मला अजून अंगात जाणवते. मी चांगला होतो त्या दिवशी. दम टिकून होता, रघूला दोनदा खाली घेतला होता, गर्दीतल्या टवाळांची तोंडं बंद झाली होती. तेच मला पाहिजे होतं. मग रघूनं ढाक मारली. समोरच्याचा हात आपल्या बगलेत दाबून, त्याच्या पायाला पाय लावून त्याला कमरेवरून फेकायचं, असा हा डाव. या डावाला उत्तर काय, तर हवेत वळायचं. ते मी इतक्या वेळा केलं होतं की झोपेतही जमलं असतं. मी हवेत गेलो. आणि माझी हनुवटी आपोआप छातीला लागली. तोंडातून हूं निघालं. हात पसरला, तळवा मातीवर फाडकन आपटला, आणि मागोमाग दोन्ही खांदे मातीला टेकले. इतकं सुरेख पडणं मला कॅमेऱ्यासमोरही कधी जमलं नव्हतं.

हलगी थांबली. मग कुठून तरी एकच आवाज आला, नुरा. मग दहा ठिकाणांहून, मग सगळीकडून. ढेकळं आली, चपला आल्या. मी तसाच उताणा पडून होतो आणि वर आभाळ दिसत होतं. पैलवानाला आखाड्यातून आभाळ दिसता कामा नये, असं वस्ताद म्हणायचे.

पंचांनी कुस्ती रद्द केली. रघू मधोमध उभा होता, अंगभर घाम आणि माती. समोर ताटात फेटा आणि नारळ तसाच. त्यानं मुख्य पंचाला एवढंच विचारलं, "माझा फेटा?"

"कसला फेटा?" पंच म्हणाला. "नटाला पाडल्याचा?"

रघूनं माझ्याकडं पाहिलं. मी उठलो आणि ओरडून सांगितलं, की कुस्ती खरी झाली, यानं मला पाडलं, काहीही ठरलेलं नव्हतं. पण तोवर माझा आवाजही सिनेमावाल्यांच्या हाताखाली तयार झाला होता. शब्दावर जोर कुठं द्यायचा, कुठं थांबायचं, सगळं नको तेवढं नीट झालं. लोक हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. रघू खाली वाकला, आपली पिशवी उचलली आणि अंगावरची माती तशीच घेऊन एसटीच्या रस्त्याला लागला. ते ताट कुणी उचललं मला माहीत नाही.

घरी पोचलो तोवर बातमी माझ्या आधी पोचली होती. बाजारात अण्णांची फुलं तशीच पडून राहिली होती, लोक फक्त विचारायला येत होते. ते ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी दारात थांबलो आणि सवयीनं स्वतःच वळलो, आईला पाठ दिसेल असा. अंघोळ केली नव्हती मी त्या दिवशी. ती बघेल, दुधाचं पातेलं उतरवून ठेवेल, मी हरलो असं तरी धरेल, असं मला वाटत होतं. हरलो असं कुणीतरी धरायला पाहिजे होतं. आई म्हणाली, "आत ये. दूध तापलंय." तिनं पाठ बघितलीच नाही. पुन्हा कधीच बघितली नाही.

वस्तादांनी दुसऱ्या दिवशी तालमीच्या पायरीवर बसवून विचारलं, खरी होती ना? मी म्हणालो, खरी. मग हात का आपटला, त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. मास्तर, हनुवटी, श्वास, पोती. ते ऐकत होते आणि हौद्यातल्या मातीचं ढेकूळ बोटांनी फोडत होते. शेवटी बारीक आवाजात म्हणाले, "एका अंगाला दोन वस्ताद केलेस, दत्त्या." रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत, पण त्यानंतर मला कुठल्याच गावानं जोड दिली नाही, आणि त्यांनी कुणाकडं शब्द टाकला नाही.

मग उरलं काय, तर पडणं. तेच करत आलो. घोड्यावरून पडलो, जिन्यावरून पडलो, मालिकांमध्ये तर आठवड्याच्या आठवडे पडलो. कोवळी कोवळी पोरं येऊन मला आपटून गेली आणि मोठी झाली. लोक अजूनही कौतुकानं सांगतात, तुमच्यासारखं पडणारं आता कुणी नाही. मी हात जोडतो. तालमीतल्या मातीवर आता गादी आली आहे, पोरं मोबाइलवर डाव बघून शिकतात, आणि त्यातलाच एखादा माझा जुना आपटी खातानाचा तुकडा मला पाठवतो, खाली हसण्याची चित्रं टाकून. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून जास्त चिडचिड होते.

गेल्या उन्हाळ्यात रघूचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मुलीचं लग्न आहे, नांदगावला ये, एवढंच बोलला. मी गेलो. मंडपात शिरताच नवरदेवाकडच्या पोरांनी गराडा घातला, फोटो काढले, पाहुण्यांना बांधायचे होते त्यांतला सगळ्यांत भरजरी फेटा माझ्या डोक्यावर चढवला. झाडून सगळ्या पुरुषांच्या डोक्यावर फेटे होते. फक्त रघू, मुलीचा बाप, पांढरी टोपी घालून सगळ्यांना जेवायला बसवत होता. मी त्याच्या भावाला विचारलं तर तो म्हणाला, दादा फेटा बांधत नाय, कोनी हात लावला तरी खवळतो, त्या जत्रेपासनं.

जेवणाच्या पंगती उठल्यावर रघू माझ्याशेजारी येऊन बसला. गुडघे दोघांचेही गेलेले, त्यामुळं बसणं हेच एक काम होतं.

"एक विचारायचं हाय," तो म्हणाला. "त्या दिवशी तू खरा लढला ना?"

म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं. मला वाटत आलं होतं की सगळ्या जगानं खोटं धरलं तरी एक माणूस आहे ज्याला खरं माहीत आहे. आणि तो माणूस आजवर घरात बसून हेच घोकत होता, की आपल्याला कुस्ती दान दिली.

"खरा लढलो," मी म्हणालो.

"मग हात का आपटला?"

मी त्याला मास्तरची सगळी गोष्ट सांगितली. गोठ्यामागच्या पोत्यांपर्यंत. एकच सांगितलं नाही. ती सवय अंगात नसती तर त्या ढाकेतून मी वळलो असतो, असं मला आजही वाटतं. ते माझ्यापाशीच राहू दे. तो माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होता. माझे डोळे, माझे ओठ. खरं बोलणाऱ्याकडं असं कुणी बघत नाही, नटाकडं बघतात. पण शेवटी त्यानं मान हलवली.

"म्हंजे डाव माझाच."

"तुझाच."

"मंग सांग ना लोकांना," तो म्हणाला. "माझ्या पोरीच्या सासरचे बी हायेत."

स्टेजवर माइक होताच आणि मला दोन शब्द बोलायचा आग्रह चालूच होता. मी गेलो. सांगितलं, की या माणसानं भर जत्रेत मला ढाक मारून पाडलं होतं, कुस्ती खरी होती, आणि याचा फेटा राहून गेला. सगळ्या मंडपानं टाळ्या वाजवल्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या. पुढच्या खुर्चीवरचा एक म्हातारा शेजाऱ्याला सांगत होता, याला म्हणतात मोठेपणा, मुलीच्या बापाचं मन राखायला हरल्याचं सांगतो. मी माइकवर पुन्हा सांगितलं, मन राखायला नाही, खरंच पाडलं. त्यावर आणखी मोठ्या टाळ्या पडल्या. माइक कुठं फेकून द्यावा असं झालं मला.

मग मी डोक्यावरचा फेटा उतरवला आणि रघूला जवळ बोलावलं. तो आला. मी त्याची टोपी काढून त्याच्या हातात दिली. तो खवळला नाही. त्याच्या डोक्यावर फेटा ठेवताना माझे हात इतके कापत होते की मागं सोडायचा शेमला पुढं आला, एक पीळ सुटला, आणि मी रडत होतो त्यामुळं मला काही नीट दिसत नव्हतं. रघू डोळे मिटून उभा होता. त्याच्या कानाची मोडलेली पाळी माझ्या बोटाला लागली, माझ्यासारखीच, सुकलेल्या बोरासारखी टणक.

"काका," फोटोवाला खालून म्हणाला, "परत एकदा करा ना. तुमची पाठ आली कॅमेऱ्याला. इकडं तोंड करून."

मी त्याच्यावर ओरडणार होतो. तोंडही उघडलं होतं. पण रघूनं डोळे उघडले, फोटोवाल्याकडं पाहिलं, समोर बसलेल्या व्याह्यांकडं पाहिलं, आणि हळूच फेटा उतरवून माझ्या हातात दिला. टोपी त्यानं परत डोक्यावर घातली, म्हणजे मला ती पहिल्यासारखी काढता यावी.

"कर परत," तो म्हणाला. "ह्या वेळेला नीट कर."

मी उजेडाकडं तोंड केलं. टोपी काढली, क्षणभर थांबलो, फेटा दोन्ही हातांनी उंच धरला आणि सावकाश त्याच्या डोक्यावर ठेवला. हात अजिबात कापले नाहीत, शेमला जिथल्या तिथं बसला, आणि डोळ्यांत पाणी नेमकं पाहिजे तेव्हा आलं. मंडपातली म्हातारी माणसंसुद्धा रडली. आता रघूच्या घरी भिंतीवर तोच फोटो लावलेला आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो अभिमानानं दाखवतो. पहिल्या वेळेचा कुणाकडंच नाही.